चेतक, चीता, डॉफिन: पाट्या बदलत गेल्या, कारखाना तोच

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की एएमईच्या, म्हणजे विमान दुरुस्तीच्या लायसन्सच्या पुस्तकात चेतक हेलिकॉप्टरच्या मूळ फ्रेंच मशिनचं नाव कुठे सूद एव्हिएशनचं म्हणून लिहिलंय तर कुठे एरोस्पेशियालचं, डॉफिनच्या मॅन्युअलवर युरोकॉप्टर छापलंय आणि आता सगळं एअरबसच्या नावानं दिसतं, तर या कंपन्या नेमक्या किती? आणि दुसरं म्हणजे १९५९ सालचं डिझाइन आपल्याकडे अजून उडतंय ते निव्वळ पैसे नाहीत म्हणून का?

पहिल्याचं उत्तर सोपंय, दुसऱ्याला जरा बैठक लागेल. मी हवाई दलात चेतक-चीतावर इंजिन फिटर होतो, बाहेर पडल्यावर लायसन्स काढलं आणि जुहूला डॉफिनवर लागलो. नोकऱ्या दोन झाल्या पण हात आयुष्यभर एकाच घराण्याच्या मशिनला लागले, आणि हे माझ्या स्वतःच्याही लक्षात फार उशिरा आलं, एकदा जुनं मॅन्युअल चाळताना.

आधी नावाआधीची अक्षरं बघ, तिथेच सगळं आहे. १९३६ ला फ्रेंच सरकारनं विमानांचे कारखाने ताब्यात घेतले आणि जिथला तिथला गट करून दिशेप्रमाणे नावं ठेवली. आग्नेयेकडचा तो सूद-एस्त, म्हणून एसई. नैर्ऋत्येकडचा सूद-वेस्त, म्हणून एसओ. १९५७ ला हे दोन्ही एकत्र करून सूद एव्हिएशन झालं, अक्षरं एसए. १९७० ला त्यात नॉर एव्हिएशन आणि रॉकेटवाली सेरेब मिसळून जे झालं ते पुढे एरोस्पेशियाल म्हणून ओळखलं गेलं, पण गंमत अशी की त्यांनी सुरुवातीच्या मशिनवर एसए हेच ठेवलं आणि एएस नंतर आणलं, तुझा गोंधळ बहुतेक तिथेच झालाय. १९९२ ला एरोस्पेशियालचा आणि जर्मनांचा हेलिकॉप्टरचा धंदा एकत्र येऊन युरोकॉप्टर, म्हणून ईसी. २०१४ पासून एअरबस हेलिकॉप्टर्स, आणि त्यानंतर नुसतं एच. सातबाऱ्यावर नावं बदलत गेली, शेत तेच. ते शेत म्हणजे मार्सेय शहराजवळचं मारीन्यान, आजही मुख्य कारखाना तिथेच आहे.

पण ही नावांची यादी पाठ करून काही कळत नाही, परीक्षेत दोन मार्क मिळतील फार तर. माझं मत विचारशील तर या कंपनीचा इतिहास दोन जागी वाचायचा, इंजिनात आणि रोटर हेडवर, म्हणजे वरची फिरणारी पाती जिथे जोडलेली असतात तिथे. बाकी सगळं साहेबलोकांच्या मिटिंगा.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्सकडे हेलिकॉप्टरचं सांगण्यासारखं काही नव्हतं. मग हरलेल्या जर्मनांचं ज्ञान वापरलं. हाइनरिख फोके हा जर्मन डिझायनर काही काळ सूद-एस्तबरोबर होता आणि त्याच्याच युद्धातल्या मशिनवरून केलेलं एसई-३००० १९४८ मध्ये उडालं, दोन बाजूंना दोन रोटर असलेलं अवजड धूड. त्यातून पुढे फार काही निघालं नाही. मग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचं एक छोटं मशिन आलं, शेतीच्या फवारणीसाठी वगैरे डोक्यात ठेवून केलेलं, नाव अलुएट. अलुएट म्हणजे चंडोल पक्षी. पिस्टन इंजिन, तीन माणसं. या मशिनवर झां बूले नावाच्या टेस्ट पायलटनं १९५३ ला न उतरता हजार किलोमीटरच्या वर उडून रेकॉर्ड केलं, पण विकायला ते फार गुंतागुंतीचं होतं. बूलेचं नाव लक्षात ठेव, हा माणूस पुढे पानोपानी भेटतो.

तिकडे सूद-वेस्तवाल्यांचं वेगळंच चाललेलं. त्यांनी जिन नावाचं चिमुकलं हेलिकॉप्टर केलं, १९५३ चं. त्यात टर्बाइन फक्त हवा दाबायचं काम करायचं आणि ती दाबलेली हवा पोकळ ब्लेडमधून जाऊन टोकाला बाहेर पडायची, त्या धक्क्यानं रोटर फिरायचा. लॉनवर पाणी मारायचं ते गरगर फिरणारं कारंजं असतं ना, तसं. रोटर इंजिनानं शाफ्टमधून फिरवायचा नाही म्हणून बॉडी उलटी फिरायचा प्रश्नच नाही, शेपटीवरचा टेल रोटर नको, मोठा गिअरबॉक्स नको. मला हे मशिन फार आवडतं, बघायला कधी मिळालं नाही ते सोड. इंधन जास्त प्यायचं आणि वजन फार उचलायचं नाही, म्हणून शे-दोनशेवर गाडी थांबली.

आता खरा माणूस. जोसेफ शिडलोव्स्की, पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू इंजिनीअर, त्यानं १९३८ ला टर्बोमेका काढली आणि नंतर पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी, पो शहराजवळ बोर्दला कारखाना बसवला. त्याच्या डोक्यात एकच, छोटं टर्बाइन. जगभर मोठमोठी जेट इंजिनं करायची चढाओढ लागलेली आणि हा माणूस दोन जणांना उचलता येईल अशा इंजिनांच्या मागे. इंजिनांना नावं त्याच डोंगरातल्या तळ्यांची, शिखरांची: आर्तूस्त, आस्ताझू, पुढे आरिएल, आर्दिदेन. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरमध्ये जे शक्ती इंजिन आहे ना, तेही हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं म्हणजे एचएएलनं टर्बोमेकाबरोबरच केलेलं आर्दिदेन, म्हणजे बेंगळुरूच्या मशिनमध्येही पिरेनीजचं शिखर आहेच.

शार्ल मार्केती आणि रने मुई यांच्या टीमनं अलुएटचं पिस्टन इंजिन काढून टाकलं आणि आर्तूस्त बसवलं. १२ मार्च १९५५ ला अलुएट-२ उडालं, कंट्रोलवर बूलेच. टर्बाइनवर हेलिकॉप्टर उडवून बघायचे प्रयोग अमेरिकेत आधी झाले होते, पण कारखान्यातून रांगेनं बाहेर पडलेलं जगातलं पहिलं टर्बाइन हेलिकॉप्टर हेच. तीन महिन्यांत, ६ जूनला, बूलेनं ते ८,२०९ मीटरवर नेलं. त्या काळात पिस्टनवाल्या मशिनला डोंगरात दम लागायचा आणि हे पठ्ठं एव्हरेस्टच्या उंचीपासून फार लांब नव्हतं!

उंचीचं वेड या कंपनीला लागलं ते इथून. जुलै १९५६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लां डोंगरावर चार हजार मीटरच्या वरच्या झोपडीतून आजारी गिर्यारोहकाला अलुएटनं उचलून आणलं. त्याच हिवाळ्यात तिथेच एक वाईट प्रकरण झालं, व्हँसाँदाँ आणि आँरी नावाची दोन तरुण पोरं बर्फात अडकली, त्यांना आणायला गेलेलं मोठं सिकोर्स्की हेलिकॉप्टर वरच कोसळलं, आणि शेवटी त्या हेलिकॉप्टरच्या माणसांना आणि सोबतच्या बचाव पथकाला जानेवारी १९५७ मध्ये छोट्या अलुएटनी खाली आणलं. ती दोन पोरं मात्र गेली. आल्प्समध्ये हेलिकॉप्टरची बचाव सेवा नीट उभी करायला हवी हे लोकांना त्या प्रकरणानंतर पटलं.

अलुएट-३ आलं २८ फेब्रुवारी १९५९ ला, मोठं केबिन, सात जण बसतील असं, आणि आर्तूस्त-३. १९६० च्या जूनमध्ये सात माणसं घेऊन ते माँ ब्लांच्या माथ्यावर उतरलं आणि परत उडालं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेंच लोक ते घेऊन आपल्याकडे आले, हिमालयात ६,००४ मीटरवर दोन क्रू आणि अडीचशे किलो वजन घेऊन लँड करून दाखवलं. १९६० साल आहे, चीनच्या सीमेवर वातावरण तापलेलं आहे, आपल्याला हे दाखवल्यावर आणखी काय पाहिजे? १९६२ ला लायसन्सचा करार झाला, १९६५ ला एचएएलचं पहिलं उडालं. त्याचं नाव चेतक. आपल्याकडे एचएएल म्हटलं की लोकांना नाशिकचं ओझर आठवतं पण ते मिग-सुखोईचं घर, चेतक-चीता बेंगळुरूचे. आपल्याकडे तीनशेच्या वर झाले, जगात सगळे देश धरून अलुएट-३ दोन हजाराच्या आसपास. कुलाब्याला किंवा गोव्यात समुद्रावर पांढरट-राखाडी, पुढे काचेचं मोठं तोंड असलेलं नौदलाचं हेलिकॉप्टर शिट्टी मारत जाताना बघितलं असशील, तेच हे.

ती शिट्टी कुठून येते ते सांगतो, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. आर्तूस्त हे एकाच शाफ्टचं इंजिन आहे. आजच्या इंजिनात गरम वायू तयार करणारा भाग वेगळा आणि रोटर फिरवणारी पॉवर टर्बाइन वेगळी, दोघांत फक्त गरम हवेचं नातं. आर्तूस्तमध्ये कॉम्प्रेसर, टर्बाइन सगळं एकाच दांड्यावर, आणि तो दांडा उडताना मिनिटाला साधारण ३३,५०० फेऱ्यांवर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. पायलटनं कलेक्टिव्ह, म्हणजे मशिन वर उचलायचा दांडा, ओढला की गव्हर्नर फक्त इंधन वाढवतो, फेऱ्या त्याच. म्हणून आवाज वरखाली होत नाही, एकसारखी शिट्टी. आणि म्हणूनच पॉवर मागितली की लगेच मिळते, इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागत नाही. टेबलाएवढ्या हेलिपॅडवर, दोन्ही बाजूंना दरी असताना, हा अर्धा सेकंद काय असतो ते पायलटला विचार.

दुसरी गोष्ट, आर्तूस्त-३बी हे मुळात ८७० हॉर्सपॉवरचं इंजिन, पण हेलिकॉप्टरमध्ये त्याच्याकडून साडेपाचशेच्या आसपासच काम घेतात, गिअरबॉक्सला तेवढंच झेपतं म्हणून. लोकांना वाटतं वाया घालवलं. अरे, वर गेल्यावर हवा पातळ होते, इंजिनाचा दम कमी कमी होत जातो, आणि ज्याच्याकडे खाली तीनशे शिल्लक होते त्याचं वर गेल्यावरही भागतं. खंडाळ्याच्या घाटात निम्मा भरलेला ट्रक पूर्ण भरलेल्याला मागे टाकतो ना, तोच हिशोब.

पण या इंजिनाची सुरुवात म्हणजे परीक्षा. क्लच सेंट्रिफ्युगल, त्यामुळे स्टार्टला रोटर जोडलेला नसतो, तरी तो सगळा दांडा बॅटरीच्या जोरावर फिरवायचा असतो. बॅटरी मेलेली असेल तर फेऱ्या वाढत नाहीत आणि टी-४ म्हणजे मागच्या पाइपचं तापमान मात्र वाढत जातं. लेहला डिटॅचमेंटवर असताना आमचा नियम होता, संध्याकाळी शेवटचं मशिन आलं की बॅटऱ्या काढायच्या आणि बॅरकमध्ये बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ ठेवायच्या, आपल्या पांघरुणाआधी बॅटरीची सोय. पहाटे अंधारात त्या उचलून न्यायच्या, हातमोजे काढून नट फिरवायचे, कारण जाड हातमोज्यात नट कळत नाही, आणि उघडं बोट धातूला चिकटतं ते सोडवताना जे होतं ते होतं. एकदा एका नवीन पोरानं कंटाळा करून बॅटरी रात्रभर मशिनमध्येच ठेवली. सकाळी पायलट साहेबांनी बटण दाबलं, फेऱ्यांचा काटा पंधरा-वीस टक्क्यांपाशी लटकला आणि टी-४ सरसर वर. साहेब हुशार, ताबडतोब इंधन बंद केलं, इंजिन वाचलं. त्या पोराला वॉरंट ऑफिसर काही बोलले नाहीत, फक्त पुढचा महिनाभर सगळ्या बॅटऱ्या त्यालाच वाहायला लावल्या.

आता चीता. हे मशिन आपल्यामुळेच जन्मलं म्हटलं तरी चालेल. १९६८ ला भारतीय सैन्याला उंचावर चालेल असं हलकं हेलिकॉप्टर पाहिजे होतं. फ्रेंचांनी काय केलं, तर अलुएट-२ ची हलकी, उघड्या नळ्यांच्या शेपटीची बॉडी घेतली, थोडी मजबूत केली, आणि तिच्यावर अलुएट-३ चं इंजिन आणि रोटर चढवला. १७ मार्च १९६९ ला उडालं, नाव एसए-३१५बी लामा. लुनाच्या चासीवर बुलेटचं इंजिन बसवावं तसला प्रकार, पण हिशोबात बसणारा. त्याच वर्षी हिमालयात साडेसात हजार मीटरवर उतरवून दाखवलं. एचएएलनं लायसन्स घेऊन १९७२ ला पहिलं उडवलं, तेच चीता.

आणि २१ जून १९७२ ला फ्रान्समधल्या इस्त्र गावी आपला बूले परत आला. अनावश्यक सगळं काढून हलकं केलेलं लामा घेऊन तो १२,४४२ मीटरवर गेला. प्रवासी विमानं साधारण उडतात त्याच्याही वर. बाहेर उणे ६३ अंश. वर पोचून त्यानं पॉवर कमी केली आणि इंजिन विझलं, परत पेटेना. तिथून जमिनीपर्यंत तो ऑटोरोटेशनवर आला, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरता ठेवत, इंजिनाशिवाय, बारा किलोमीटर खाली. ट्रेनिंगला आमचे इन्स्ट्रक्टर हे सांगून झालं की गप्प बसायचे. आम्हीपण.

सियाचीन तुला माहितीये. १९८४ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झालं, आणि तेव्हापासून वरच्या चौक्यांची शेवटची पायरी म्हणजे चीता. मोठी विमानं आणि एमआय-१७ सामान खालपर्यंत आणतात, तिथून वर वीस हजार फुटांच्या आसपासच्या हेलिपॅडवर न्यायला चीता, आणि एका फेरीत काय, तर एखादा केरोसीनचा जेरीकॅन, वीस-पंचवीस किलो. खाली चार-पाच माणसं नेणारं मशिन वर एक डबा नेतं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण तो डबा पोचला नाही तर वरची बुखारी बंद. आणि परतीला आजारी जवान. पॅडवर मशिन पूर्ण टेकवायचं नाही, रोटर चालूच, स्किड, म्हणजे खालचा दांडा, नुसता बर्फाला लावून तेवढ्यात सामान ओढून घ्यायचं. कॉकपिटमध्ये तेव्हा साहेबांची नजर पॉवरच्या मीटरवर नसते, असा मीटर या मशिनमध्ये नाहीच, ब्लेडचा पिच, म्हणजे कल, किती अंश आहे ते दाखवणारा एक काटा असतो, बाहेरचं तापमान आणि उंची बघून त्या दिवशी किती अंशांपर्यंत ओढता येईल ते आधी काढायचं आणि त्याच्या पुढे हात जाऊ द्यायचा नाही.

इथपर्यंत इंजिन झालं, आता हेड. चेतकच्या रोटर हेडवर कधी चढलास तर तुला तीन ब्लेडच्या मधे ताणलेल्या तीन केबली दिसतील, ब्लेडमधलं अंतर राखायला. बिजागऱ्या, बेअरिंग, हायड्रॉलिक डॅम्पर, आणि ग्रीसच ग्रीस. ग्रीसगन घेऊन निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, मोजत फिरायचं, एक राहिला तर रात्री झोप नाही. अवघड काही नाही, सगळं उघडं, डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. हे चांगलंही आहे आणि वाईटही, कारण माणूस दमला की विसरतो.

मारीन्यानच्या लोकांना हे कळत होतं, म्हणून पुढची वीस वर्षं त्यांनी हेड सोपं करण्यात घालवली. १९६७ ला गझेल उडालं, त्यात जर्मन बोल्कोव कंपनीच्या रिजिड हेडची कल्पना घेतलेली, आणि पुढच्या मशिनपासून शेपटीत फेनेस्ट्रॉन, म्हणजे टेल रोटर बाहेर न ठेवता शेपटीच्या जाडीत बसवलेला तेरा पात्यांचा पंखा. फेनेस्ट्रॉन हा दक्षिण फ्रान्सच्या बोलीतला शब्द, छोटी खिडकी. १९६७ लाच इंग्रजांबरोबर करार झाला, गझेल आणि पुमा फ्रेंचांचे, लिंक्स इंग्रजांच्या वेस्टलँड कंपनीचं, तिन्ही दोघांनी मिळून बनवायची.

पुमा-सुपर पुमा हा मोठ्या मशिनचा वेगळा संसार आहे, त्यावर मी काम केलेलं नाही म्हणून फार बोलत नाही. पण एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर म्हणशील काका नुसतं कौतुक करतात. २००९ ला स्कॉटलंडजवळ आणि २०१६ ला नॉर्वेत तेलविहिरींवरून येणारी याच कुळातली दोन मशिनं पडली, १६ आणि १३ माणसं गेली. दोन्हीत मुख्य गिअरबॉक्समधल्या प्लॅनेट गिअरला थकव्यानं तडा गेला आणि रोटरच सुटून गेला. तडा आतून वाढला, तेलातला धातूचा चुरा पकडणाऱ्या चिप डिटेक्टरवर पुरेसा चुरा आलाच नाही. आम्ही ऑफशोअरवाले रोज तो मॅग्नेटिक प्लग काढून पुसून बघतो आणि स्वच्छ निघाला की निवांत होतो. ती बातमी वाचल्यावर कितीतरी दिवस स्वच्छ प्लग बघूनही निवांत वाटलं नाही.

डॉफिन माझं. एक इंजिनवालं १९७२ ला, दोन इंजिनवालं १९७५ ला, आणि पाय आत घेणारं एन मॉडेल १९७९ ला. अमेरिकन कोस्ट गार्डनं हेच घेतलं, अमेरिकन इंजिन घालून, आणि पुढे वैतागून परत टर्बोमेकाच बसवलं, याचा फ्रेंचांना किती आनंद झाला असेल! आपल्याकडे १९८५ ला पवन हंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी निघाली तेव्हा समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलविहिरींसाठी डॉफिन आली आणि सोबत ब्रिटिश मदतीतून वेस्टलँड-३० आली. वेस्टलँडची गोष्ट काही वर्षांत अपघात होऊन संपली, मशिनं जमिनीवर बसली ती बसलीच. डॉफिन तिशी-चाळिशीपर्यंत चालली. जुहूला पोरं विचारतात की फरक काय होता, मी म्हणतो एकीकडे वीस-पंचवीस वर्षांची घरची परंपरा होती आणि दुसरीकडे लिंक्सचे भाग घेऊन केलेली बस होती. यावर वेस्टलँडवर काम केलेले जुने मित्र माझ्याशी भांडतील, भांडू देत.

समुद्रावरच्या मशिनचा शत्रू मीठ. शेवटची फ्लाइट आली की कॉम्प्रेसर वॉश, इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवत गोडं पाणी मारायचं, रोज, पाऊस असो नसो. नाही केलं तर कॉम्प्रेसरच्या पात्यांवर पांढरी साय धरते आणि महिन्याभरात पॉवर चेकला मार्जिन घसरलेलं दिसतं. जुहूची आणखी एक खासियत म्हणजे जानेवारी. संक्रांतीच्या आसपास संध्याकाळच्या इन्स्पेक्शनला हेडवर चढलो की मास्टला, म्हणजे रोटरच्या खांबाला, मांजा गुंडाळलेला सापडायचा, गुलाबी, हिरवा, एकदा तर अर्ध्या पतंगाच्या कामटीसकट. नखानं उकरून काढायचा, सीलपर्यंत गेलाय का बघायचं. फ्रेंच मॅन्युअलमध्ये याचं टास्क कार्ड नाही.

पण त्या हेडवर ग्रीसगन लागत नव्हती, आणि चेतकवरून आलेल्या माझ्यासारख्याला हीच सगळ्यात मोठी मौज. स्टारफ्लेक्स, फायबरग्लासचा तारा, त्याचे हात स्वतः लवतात, आणि बिजागरीच्या जागी रबर आणि धातूच्या थरांचं बेअरिंग. तडा, सोललेपणा, रबर फुगलंय का एवढं बघायचं. हे हेड आधी आलं एक्यूरॉयवर, म्हणजे खारीवर, एएस-३५०, १९७४ चं मशिन. नावाप्रमाणे चपळ, स्वस्त, आणि प्रचंड खपलेलं. केदारनाथला फाट्याहून किंवा सिरसीहून तुझे आईबाबा ज्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये बसून गेले असतील ते बऱ्याचदा हेच असतं, त्याचं आताचं नाव एच-१२५. आणि १४ मे २००५ ला दिदिए देलसालनं याच कुळातलं बी-३ मॉडेल एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं, ३ मिनिटं ५० सेकंद. बूलेपासून चाललेलं वेड पन्नास वर्षांनी तिथे पोचलं.

युरोकॉप्टरचं काय, तर एमबीबी या जर्मन कंपनीकडे बीओ-१०५ हेलिकॉप्टर होतं, १९६७ चं, टायटॅनियमचं बिनबिजागरीचं हेड. तेच एमबीबी ज्यांनी ऐंशीच्या दशकात ध्रुवच्या डिझाइनला एचएएलला हात दिला. १९९२ ला दोघं एक झाले आणि त्याचं पहिलं अपत्य ईसी-१३५ बघ, मुळात जर्मनांचं बीओ-१०८, त्याच्या शेपटीत फ्रेंच फेनेस्ट्रॉन. दोन्ही घरच्या नाकाडोळ्याचं. टायगर, एनएच-९० वगैरे सरकारी भांडणांचे विषय आहेत, ते राहू दे.

आता तुझा दुसरा प्रश्न. पैसे हे कारण आहेच, नवीन मशिन ठरवण्यात आपण किती वर्षं घालवली ते तू पेपरात वाचतोस. पण पैसे असते तरी ऐंशी-नव्वदच्या दशकात वीस हजार फुटांवर चीतासारखं काम करणारं दुसरं मशिन दुकानात मांडलेलं नव्हतं. हलकी बॉडी, शिल्लक ठेवलेली पॉवर, आणि लेहच्या थंडीत उघड्यावर हातानं दुरुस्त करता येईल असा साधेपणा, हे तिन्ही एकत्र मिळत नव्हतं. म्हणून एचएएलनं तेच चीता घेऊन त्यात टर्बोमेकाचंच नवं टीएम-३३३ इंजिन घातलं आणि चीतल केलं. मात्र जुनं ते सोनं हे मी अजिबात म्हणणार नाही. एकच इंजिन, ऑटोपायलट नाही, ढगात शिरलं की मदतीला काही नाही, आदळल्यावर माणसाला वाचवेल अशी सीट नाही. या मशिनवर चांगले चांगले पायलट गेलेत, त्यातले काही चेहरे माझ्या डोळ्यासमोर आहेत. एचएएलचं नवं हलकं हेलिकॉप्टर एलयूएच २०१६ ला उडालं, ते लवकर वर पोचावं एवढंच. आणि २०२४ ला टाटा आणि एअरबसनं एच-१२५ इथेच जोडायचं जाहीर केलंय, म्हणजे खार येतेय, बघू.

तुला मात्र एक काम सांगतो. सीनिअरची परवानगी काढून एकदा चेतकच्या हेडवर चढ आणि नंतर डॉफिनच्या, एकाच आठवड्यात. पहिल्यावर निपल मोज. दुसऱ्यावर निपल शोध. आणि चेतकवर चढायच्या आधी जुने कपडे घाल, ते ग्रीस निघत नाही.